तोंडाच्या कॅन्सरचं मेडिकल कोडिंग आणि पेशंटची काळजी (नाशिक)

तोंडाच्या कॅन्सरचं कोडिंग म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचून त्याला ठरलेला कोड देणं. नाशिकच्या हॉस्पिटलांत यासाठी आयसीडी-१० वापरतात, आजारांच्या कोडची जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे ती. तिची पुढची आवृत्ती आयसीडी-११ पण १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झालीय.

यात सगळं कॅन्सर तोंडात कुठल्या जागी आहे त्यावर अवलंबून असतं. ओठ सी००, जिभेचं मूळ सी०१, जिभेचा बाकी भाग सी०२, हिरडी सी०३, जिभेखालची जागा सी०४, टाळू सी०५, आणि गालाची आतली बाजू सी०६.०. आपल्याकडे तंबाखूचा बार गालात किंवा खालच्या ओठाच्या आत धरून ठेवायची सवय, त्यामुळे गाल आणि हिरडीचे पेशंट भरपूर दिसतात (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी). फाइलवर नुसतं 'तोंडाचा कॅन्सर' लिहिलं असलं की कोडरला सी०६.९ म्हणजे जागा माहीत नाही असा कोड द्यावा लागतो, आणि मग नाशिक जिल्ह्यात गालाचे किती, जिभेचे किती हे पुढे कुणालाच कळत नाही, म्हणून अशा वेळी अंदाज न बांधता बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा) रिपोर्ट काढून बघावा आणि तरी कळलं नाही तर डॉक्टरांना विचारावं.

नवीन कोडर हमखास चुकतो ते इथे: हिरडीची गाठ जबड्याच्या हाडात शिरली तरी मूळ कोड सी०३ च राहतो, हाडाचा सी४१ लावायचा नाही. कॅन्सर मानेतल्या गाठींत पसरला असेल तर सी७७.० जोडीला येतो. सुपारीने तोंड उघडेनासं होतं तो फायब्रोसिस के१३.५, तो कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकतो, म्हणून त्याची नोंद सोडू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे पॅकेज कोड मात्र वेगळे असतात, त्यासाठी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला भेटायचं.

काळजीचं म्हणाल तर दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की दाखवायचंच. उपचारात बहुतेकदा आधी ऑपरेशन, त्यात मानेच्या गाठीही काढतात, मग गरज असेल तर शेक म्हणजे रेडिएशन, साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. सुरगाणा, पेठसारख्या लांबच्या तालुक्यातल्या माणसाला रोज येणं जमत नाही, त्याची राहायची सोय आधीच बघावी लागते, कारण मधे खंड पडला तर उपचाराचा परिणाम कमी होतो. शेक सुरू व्हायच्या आधी खराब दात काढून घ्यायचे, नंतर काढले तर जबड्याची जखम भरत नाही आणि हाड सडायची भीती असते. तोंड कोरडं पडतं, तिखट सोसत नाही, मग पेज, मऊ भात, ताक, गरज पडली तर नाकातली नळी. आणि तोंड उघडायचा व्यायाम रोज, दातांमधे आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरून दर थोड्या दिवसांनी एकेक काडी वाढवत न्यायची, डॉक्टर सांगतील तितकीच.