खिळ्याची गन आणि तिचा चाप

बेळगावात टिळकवाडी असो की वडगाव, फ्लॅटचं इंटिरियर सुरू झालं की जिन्यातच कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. सुताराच्या हातातली ही खिळे ठोकायची गन आपल्याकडे प्लायवूड आणि फॉल्स सीलिंगच्या मागोमाग आली. खानापूरकडच्या सागवानी तुळयांवर मंगलोरी कौलं चढायची तेव्हा काम वाकस-पटाशीचं होतं. हातोडी बोटावर बसली तर बहुधा नख काळं पडण्यावर भागायचं.

गन मूळची अमेरिकेची. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, खिळे हजारोंनी लागणार. 1950 च्या सुमारास हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं बाजारात आली. काम उरकावं म्हणून एक सोय रूढ झाली: चाप दाबूनच ठेवायचा आणि गनचं नाक फळीवर टेकवत जायचं, टेकलं की खिळा. गोम इथेच आहे. धक्क्याने गन उसळते, नाक पुन्हा टेकतं आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो. चाप धरून शिडी उतरताना नाक मांडीला लागलं तरी तेच. 2001 ते 2005 दरम्यान तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत खिळ्याच्या गनने जखमी झालेले वर्षाला सरासरी 37,000 जण येत होते. शिकाऊ सुतारांच्या पाहणीत दाबून ठेवायच्या या चापाने धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. 2011 च्या सरकारी मार्गदर्शिकेने मग त्याऐवजी वेगळ्या प्रकारचा चाप सुचवला: आधी नाक टेकवा, मग चाप ओढा, दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा खिळा नाही.

इजा बहुतेक फळी धरलेल्या हाताला होते. लाकडातल्या गाठीला अडून खिळा वळतो आणि कडेने बाहेर येतो. भोक बारीक, म्हणून हळद दाबून, चिंधी गुंडाळून गडी पुन्हा कामाला लागतो; आत हाड किंवा नस दुखावलेली असू शकते, खिळ्यांच्या पट्टीची तार वा प्लास्टिकही राहतं. पक्कडीने उपटू नये, खिळ्यासकट दवाखाना गाठावा.

आपल्याकडे चौकशी मात्र "लक्ष कुठं होतं रे?" इथेच संपते. चौरस फुटाच्या दराने काम घेणारा सावकाश चालणारी गन मागेल कशाला? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याला दहा कामगारांची अट होती. तीन-चार जणांची टोळी त्यात बसेचना. पुष्कळ गनचा चाप बदलून मिळतो, पण तो पैसा ठेकेदाराने मोजायला हवा.