रक्तचंदन (संवर्धन)

रक्तचंदन म्हणजे आपल्याकडे सहाणेवर उगाळतात ती लाल बाहुली, मुका मार लागला किंवा सूज आली की हिचाच लेप. झाड मात्र रानात जवळपास फक्त दक्षिण आंध्रात, शेषाचलम, वेलिकोंडा, नल्लमलाच्या खडकाळ डोंगरांत आणि लागून थोडंसं तमिळनाडू-कर्नाटकात सापडतं. नावात चंदन असलं तरी चंदनाशी नातं नाही, तसा वासही नाही, हे शेंगा येणाऱ्या कुळातलं, आपल्या बिबळ्याचं भावंड. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, आणि लाल गाभा इतका जड की पाण्यात बुडतो.

खरा वाद आहे तो लाकडातल्या लाटांसारख्या रेघांचा. काही जण म्हणतात क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या निकस मातीमुळे लाटा येतात, काही म्हणतात हा आनुवंशिक गुण आहे. एकाच उतारावर शेजारी शेजारी सरळ रेघेची आणि लाटांची अशी दोन्ही झाडं असतात हे बघता निव्वळ मातीचा मुद्दा अपुरा वाटतो, बहुधा दोन्ही कारणं असावीत. हे महत्त्वाचं अशासाठी की लाटांच्या लाकडाला भाव जास्त, म्हणून तीच झाडं आधी पडतात आणि उत्तम बियाण्याचा साठाच जंगलातून जातो. जपानमध्ये शामिसेन वाद्याची दांडी याचीच उत्तम मानतात, चीनमध्ये जुन्या धाटणीच्या फर्निचरसाठी मागणी आहे, तिथे 'झितान' म्हणतात ते सगळं हेच लाकूड का यावर मात्र एकमत नाही.

वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हे १९९५ पासून आहे. कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेने आधी संकटग्रस्त, २०१८ मध्ये दोन पायऱ्या खाली आणि नंतर परत संकटग्रस्त असं ठरवलं, आधीचं उतरवणं घाईचं होतं असंच म्हणावं लागेल. चोरटी तोड चालूच आहे, न्हावाशेवा बंदरातही दुसराच माल दाखवलेल्या कंटेनरमधून ओंडके वेळोवेळी पकडलेत. ७ एप्रिल २०१५ ला शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात तमिळनाडूचे २० लाकूडतोडे मजूर मेले, ओंडक्यांवर पैसा करणारे जंगलात नव्हतेच.

लागवड शेतात होते, महाराष्ट्रातही करतात. पण चपट्या पंखाच्या शेंगेचं कवच कठीण, रुजवण कमी. तोडलेल्या बुंध्याला फुटवे चांगले येतात, त्यात लाल गाभा धरायला मात्र कित्येक वर्षं जातात.