हिमनदीमुक्त प्रवाहांतील मत्स्याभ्यास

हिमनदी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या भूमीत जे ओढे वाहू लागतात, त्यांत मासे केव्हा, कोठून व कोणत्या क्रमाने येतात याचा जागेवर जाऊन, वर्षानुवर्षे केलेला अभ्यास. आग्नेय अलास्कातील ग्लेशियर बे हे त्याचे प्रमुख क्षेत्र होय.

येथील बर्फाचा कमाल विस्तार सर्वसाधारणपणे १७५० च्या सुमारास मानतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी यांना आजच्या उपसागराच्या जागी किनाऱ्यातील एक लहानशी खाच व तिच्यामागे बर्फाची भिंत दिसली. १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक हिमनदी उपसागराच्या मुखापासून सुमारे १०५ किमी. आत गेली होती. त्याच वर्षी विल्यम कूपर यांनी वनस्पतींच्या क्रमिक बदलाचे निरीक्षण सुरू केले. ओढ्यांकडे लक्ष वळले ते बऱ्याच उशिरा. अलेक्झांडर मिलनर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वुल्फ पॉइंट क्रीक या ओढ्याच्या नोंदी सुरू केल्या. प्रारंभी त्याच्या अतिथंड पाण्यात मुख्यतः कायरोनोमिड या डासांसारख्या कीटकांच्या अळ्याच होत्या. पुढे डॉली व्हार्डन (साल्व्हेलिनस माल्मा) व १९८० च्या दशकाच्या अखेरीस पिंक सॅमन (ऑन्कोऱ्हिंकस गॉरबुशा) आले. पहिल्या वर्षांत मोजकेच असलेले पिंक सॅमन पुढील दशकात हजारोंच्या संख्येने अंडी घालण्यास येऊ लागले.

हे मासे आले कसे, याविषयी मतभेद आहेत. सॅमन समुद्रातून परतताना गंधाच्या आधारे जन्माचा ओढा ओळखतो. नव्या ओढ्यात मात्र कोणाचाच जन्म झालेला नसतो. तेव्हा पहिले आगंतुक वाट चुकलेलेच असणार. ही चूक केवळ ओळखण्यातील दोष, असे एक मत. संततीपैकी काहींनी परतताना अन्यत्र जाणे हा अनिश्चित परिसरात वंश टिकवण्याचा मार्ग आहे, असे दुसरे. बर्फाने वारंवार पुसलेल्या या किनाऱ्याचा विचार करता ते अधिक पटण्यासारखे आहे. पिंक सॅमनचे आयुष्य नेमके दोन वर्षांचे असल्याने सम व विषम वर्षांचे वंश एकमेकांत मिसळत नाहीत. परिणामी एकच ओढा या जातीकडून जणू दोनदा वसवला जातो. केवळ एका वर्षाच्या मोजणीवरून निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

माशांच्या या आगमनाला लावली जाणारी ‘वसाहत’ ही संज्ञाही तपासून घ्यावी लागते. हुना ट्लिंगिट या येथील मूळनिवासी लोकांच्या मौखिक परंपरेनुसार बर्फ पुढे सरकण्यापूर्वी येथे त्यांची वस्ती व सॅमनचे ओढे होते. उपसागराच्या त्यांच्या नावाचा अर्थच ‘हिमनदीच्या जागचा उपसागर’ असा आहे. म्हणून ‘पुनर्वसाहत’ हा शब्द अधिक न्याय्य.

कोहो सॅमनची (ऑन्कोऱ्हिंकस किसुच) पिल्ले वर्ष-दोन वर्षे गोड्या पाण्यात राहतात. त्यांना संथ डोह व पाण्यात पडलेल्या ओंडक्यांचा आडोसा लागतो. ओंडके मिळायचे तर आधी काठावर ऑल्डर व नंतर सिटका स्प्रूस वाढावे लागतात. माशांचा इतिहास अशा प्रकारे वृक्षांच्या वयाशी बांधलेला आहे. याउलट सॉकआय सॅमनला (ऑन्कोऱ्हिंकस नेर्का) बहुधा सरोवर लागते.

पिल्ले पकडण्यासाठी सॅमनची अंडी आमिष म्हणून घातलेले जाळीचे सापळे ओढ्यात ठेवतात. लांबी मोजून पिल्ले पुन्हा सोडली जातात. परतणारे प्रौढ मासे काठाने चालत मोजतात. खवल्यांवरील वलयांवरून वय ठरते. ओढ्यांपर्यंत रस्ता नसल्याने पथके बोटीने किंवा कयाकने जातात. अंडी घालण्याच्या हंगामात तपकिरी अस्वलेही तेथेच असल्याने अन्न अस्वलरोधक डब्यांत ठेवणे व मोठ्याने बोलत चालणे हा कामाचाच भाग असतो.