"तो वांड आहे" ते "त्याला एडीएचडी आहे"

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याचं, निदान झालं त्या दिवशी घरी येताना रिक्षात माझ्या मुलाने विचारलं, म्हणजे मी वाईट नाहीये ना? आणि महिन्याभरात तोच गणिताची वही ढकलून म्हणायला लागला, मला नाही जमणार, मला एडीएचडी आहे. दोन्ही वेळा पोटात कालवलं. मग या नावाचा इतिहास वाचत बसले, तेव्हा कळलं की या दोन्ही वाक्यांच्या मागे मोठा भूतकाळ आहे.

1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण स्वतःला आवरता येत नाही, आणि त्याला त्यांनी शब्द वापरला नैतिक नियंत्रणातला दोष. म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतही पोरगं वाईटच! आपल्याकडचं "हुशार आहे पण लक्ष देत नाही" हे प्रगतीपुस्तकातलं वाक्य त्याच जातीचं, दोष सगळा मुलाच्या स्वभावावर.

1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी 30 मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं तर साधारण निम्मी मुलं अभ्यासात एकदम सुधारली, मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची. पुढे 'मिनिमल ब्रेन डॅमेज' हे नाव रुळलं, दोष स्वभावातून मेंदूत गेला, पण विचार करा, मेंदूला इजा झालीय हे ऐकून मुलाला काय वाटत असेल. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकात लक्ष या गोष्टीला मुख्य जागा मिळाली, चंचल नसलेली, खिडकीबाहेर बघत बसणारी मुलंही त्यात आली (आपल्याकडे अशा मुलींना वेंधळी म्हणून सोडून देतात, मलाही म्हणायचे). 1987 ला एडीएचडी हे नाव आलं.

मराठीत हा बदल फार स्पष्ट दिसतो. "तो वांड आहे" म्हणजे तो तसाच, आणि "त्याला एडीएचडी आहे" म्हणजे त्याला ताप आहे तसं, तो वेगळा आणि ते वेगळं. रिक्षातल्या प्रश्नाला या दुसऱ्या वाक्याने उत्तर मिळालं. पण 1970 च्या दशकातच पीटर कॉनरॅड या समाजशास्त्रज्ञांनी सांगितलं होतं की आजाराचं नाव दिलं की मुलावरचा ठपका जातो, पण सगळी अडचण मुलाच्या आतच आहे असं ठरतं आणि वर्ग, शाळा, शिकवण्याची पद्धत यांच्याकडे कोणी बघत नाही. वहीच्या वेळी मला हेच आठवतं, कारण त्या पानावर एकसारखी 40 गणितं होती.

मुलांना स्वतःला विचारायचं काम बऱ्याच उशिरा झालं. इलिना सिंग या संशोधिकेने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांशी बोलून बघितलं, तर अमेरिकेत मुलं मार्क आणि अभ्यासाबद्दल बोलत होती आणि ब्रिटनमध्ये राग, भांडणं, वागणूक याबद्दल, म्हणजे निदान एकच पण आजूबाजूच्या लोकांना ज्याची चिंता तेच मूल स्वतःबद्दल बोलतं. आणि गोळीने आपण यंत्र होतो असं बहुतेकांना वाटत नव्हतं, उलट काही करायच्या आधी थांबून ठरवता येतं असं ती सांगत होती.

1990 च्या दशकाच्या शेवटी ऑटिझम असलेल्या लोकांच्या चळवळीतून न्यूरोडायव्हर्सिटी (मेंदूंचं वेगळेपण हा दोष नाही, विविधता आहे) हा शब्द पुढे आला आणि आता मोठी झालेली कितीतरी मुलं "मी एडीएचडी आहे" असं सरळ म्हणतात, "मला"मधला "ला" पुन्हा गळून पडला, पण या वेळी तो त्यांनी स्वतः काढला. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, सध्या तो दोन्ही म्हणतो, आणि मी त्याला दुरुस्त करत नाही.