नगरपरिषद : सार्वजनिक इमारती व सेवांविषयीचे निर्णय

लहान शहरात भाजी मंडई कुठे बांधायची, अभ्यासिका हवी की व्यापारी संकुल, नळाला पाणी दिवसाआड सोडायचे की रोज, घंटागाडीचा ठेका किती वर्षांचा द्यायचा, हे ठरवण्याची नगरपरिषद व नगरपंचायत यांच्या पातळीवरची कायदेशीर व व्यवहारातली पद्धत. महाराष्ट्रात तिचा पाया महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 हा आहे. त्याआधी मुंबई इलाख्याच्या भागात 1901 व 1925 चे कायदे, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1922 चा कायदा आणि मराठवाड्यात हैदराबादचा 1956 चा कायदा लागू होता. 74 व्या घटनादुरुस्तीने (1992) या संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवता येणारे 18 विषय नोंदवले. ते प्रत्यक्षात किती सोपवायचे, हे मात्र राज्याच्या हाती राहिले.

एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, 40 हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात मोडते. गावातून शहराकडे सरकणाऱ्या वस्तीसाठी 17 सदस्यांची नगरपंचायत असते. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. प्रभाग समित्या घटनेने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहेत. त्यामुळे लहान शहरातल्या नागरिकाला सभागृहात बोलायला हक्काची जागा उरत नाही. त्याची मागणी नगरसेवकामार्फत किंवा आवक-जावक विभागात दिलेल्या अर्जातूनच आत शिरते.

अधिनियमाच्या कलम 49 मध्ये कामांचे दोन गट आहेत. दिवाबत्ती, रस्ते व गटारांची सफाई, पाणीपुरवठा, आग विझवणे, प्रेतांची विल्हेवाट, जन्म-मृत्यू नोंद ही बंधनकारक कामे. वाचनालय, बाग, सभागृह, नाट्यगृह, विश्रामगृह ही ऐच्छिक. उद्‌घाटनाची फीत मात्र बहुतेक वेळा ऐच्छिक गटातल्या कामाचीच कापली जाते. गटाराच्या उताराचे उद्‌घाटन कोणी करत नाही.

निर्णय कोणाचा

ठराव सर्वसाधारण सभेचा, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. मुख्याधिकारी शासनाने नेमलेला अधिकारी असतो. नगराध्यक्ष सभेचा पीठासीन अधिकारी असून स्थायी समितीचाही सभापती असतो. बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, स्वच्छता व आरोग्य, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या मोठ्या नगरपरिषदांत कामाच्या असतात. ‘क’ वर्गात बहुतेक कारभार स्थायी समिती आणि सभाच उरकते. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा की नगरसेवकांतून, यावर राज्याचे धोरण अनेकदा फिरले. 2022 मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती झाली की सर्वांत आधी अडकतात ते नव्या इमारतींचे विषय. पाणी आणि कचरा कसेही करून चालू ठेवावेच लागतात.

जागा

इमारतीचा निर्णय खरे तर विकास योजनेत (डी.पी.) वीस वर्षे आधी झालेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे बाग, शाळा, मंडई, दहनभूमी, वाहनतळ यांची आरक्षणे नकाशावर टाकली जातात. नगरपरिषदेकडे भूसंपादनाला पैसा नसतो, आणि कलम 127 घड्याळासारखे चालू असते. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना (‘जागा घ्या, नाहीतर सोडा’ अशी नोटीस) बजावू शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत (2015 च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत 12 महिने होती) संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून खरेदी सूचना आली की ती त्याच आठवड्यात नगररचना शाखेत नोंदवून सभेपुढे आणणे भाग असते. कित्येक मैदाने टपालाच्या फायलीत पडून राहिलेल्या एका सूचनेपायी गेली आहेत.

मोबदल्याचे पैसे नसतील तर हस्तांतरणीय विकास हक्क (टी.डी.आर.) किंवा समावेशक आरक्षण हे मार्ग आहेत. टी.डी.आर. म्हणजे जागेच्या बदल्यात मालकाला मिळणारा, दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क. समावेशक आरक्षणात मालक जागेच्या ठरावीक भागावर सार्वजनिक इमारत बांधून देतो आणि उरलेला भाग स्वतः विकसित करतो. लहान शहरात टी.डी.आर.ला गिऱ्हाईक क्वचितच मिळते. उंच इमारतींना मागणीच नसेल तर तो हक्क कोण विकत घेणार?

जागा ‘नगरपरिषदेची’ आहे असे सगळे गाव म्हणते, पण मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर ‘सरकार’ असते. कार्यालय पन्नास वर्षे तिथेच भरत असले तरी जिल्हाधिकाऱ्यांकडून जागा वर्ग झाल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. मालकीचा उतारा, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी नकाशाची प्रत, विकास योजनेचा झोन दाखला आणि पूररेषेचा अभिप्राय ही चार कागदपत्रे ठरावाआधी हातात असावीत. ठरावानंतर ती गोळा करायला घेतली की आर्थिक वर्ष निघून जाते.

सभा

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. तिची सूचना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी सदस्यांना पोचावी लागते. सूचनेसोबत विषयपत्रिका आणि प्रत्येक विषयावर कार्यालयीन टिपणी असते. चांगल्या टिपणीत जागेचा सर्व्हे नंबर, अंदाजित खर्च, निधीचे लेखाशीर्ष, अभियंत्याचा अभिप्राय आणि लेखापालाचा अभिप्राय असे सगळे एका पानात बसते. वाईट टिपणीत एवढेच असते : ‘प्रभाग क्र. 4 मध्ये बहुउद्देशीय सभागृह बांधणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’

अशा टिपणीवर होणारा ठरावही तसाच असतो : ‘सदर कामास व त्यासाठी येणाऱ्या खर्चास सभा मंजुरी देत आहे.’ खाली सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. खर्च किती, कोणत्या शीर्षातून, कोणत्या वर्षात, याचा पत्ता नसतो. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तो नेमका याच ओळीवर. ठरावात रक्कम आकड्यात व अक्षरात, योजनेचे नाव, नगरपरिषदेचा हिस्सा आणि इमारत चालवण्याच्या वार्षिक खर्चाची तरतूद लिहिली, तर पुढची निम्मी पत्रापत्री वाचते.

‘आयत्या वेळचे विषय’ हे वादाचे कायमचे कारण. विषयपत्रिकेबाहेरून आलेल्या, पैशाचा भार टाकणाऱ्या ठरावावर विरोधी गट जिल्हाधिकाऱ्यांकडे धाव घेतो. 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 प्रमाणे जिल्हाधिकारी बेकायदा किंवा सार्वजनिक हिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. सभेत विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावा लागतो. नुसते बाकावरून ओरडून झालेल्या विरोधाला नंतर किंमत राहत नाही, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करताना गप्प बसलेला सदस्य तर हातातली शेवटची संधीही घालवतो.

पैसा

नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. ते बहुतांशी पगारातच जाते. स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी आणि विकास शुल्क. दर चार वर्षांनी करआकारणीची फेरतपासणी अपेक्षित असते. निवडणूक जवळ असली की ती लांबते आणि वाढलेली बांधकामे कराबाहेर राहतात.

त्यामुळे नवे काम जवळपास नेहमीच कोणत्या तरी योजनेतून होते : नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार-खासदार निधी, अमृत, स्वच्छ भारत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 नंतर लहान शहरांच्या अनुदानाचे 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेशी बांधले आणि 40 टक्के मोकळे ठेवले. ते मोकळे पैसेही पगार व आस्थापनेसाठी नव्हतेच. स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो.

योजनेचा पैसा भांडवली असतो. त्यातून भिंती उभ्या राहतात, पण चौकीदार, वीजबिल आणि सफाई त्यात बसत नाही. गावाला काय हवे यापेक्षा कोणत्या शीर्षात पैसा आला आहे, यावर इमारतीचा प्रकार ठरतो. म्हणून सभागृहे उदंड आणि गटारे अर्धवट, हे चित्र दिसते. दोष फक्त नगरसेवकांचा नाही. मार्चअखेर निधी परत जाणार असेल तर हाताशी तयार अंदाजपत्रक असलेले कामच पुढे रेटले जाते. ज्या नगरपरिषदेचा अभियंता पाच-सहा गरजेच्या कामांची अंदाजपत्रके आणि जागेचे कागद आधीच तयार ठेवतो, तिथे हाच मार्चअखेर गावाच्या कामी येतो.

अंदाजपत्रक ते ताबा

अंदाजपत्रक शासनाच्या चालू दरसूचीवर (डी.एस.आर.) बनते. त्यावर जी.एस.टी., एक टक्का कामगार उपकर आणि आकस्मिक खर्च चढतो. सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता आणि सक्षम प्राधिकाऱ्याची प्रशासकीय मान्यता या दोन्हींशिवाय निविदा काढता येत नाही. ठरावीक रकमेपुढचे काम ई-निविदेनेच द्यावे लागते. ती मर्यादा चुकवायला एका रस्त्याचे ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ असे तुकडे पाडतात. तुकडे पाडलेला रस्ता ओळखायला सोपा : प्रत्येक जोडावर खड्डा.

सर्वांत महाग चूक इमारतीच्या पायात होते. काळ्या मातीच्या गावात चाचणी खड्डा न घेता दीड मीटर पाया धरून अंदाजपत्रक बनते. खोदल्यावर मुरूम तीन मीटरवर लागतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, त्यामुळे वरच थांबून चालत नाही. खोदकाम, भराव आणि काँक्रीटचे प्रमाण वाढते, सुधारित प्रशासकीय मान्यता मागावी लागते आणि ती येईपर्यंत ठेकेदार यंत्रे उचलून दुसऱ्या कामावर जातो. जोत्यापर्यंत आलेली आणि सळया गंजलेली बांधकामे बहुधा अशी जन्मतात. इमारतीच्या कोपऱ्यांत व मध्यावर चाचणी खड्डे घेऊन भारक्षमता तपासायचा खर्च एकूण खर्चापुढे किरकोळ असतो.

दरसूचीपेक्षा फार कमी दराची निविदा आली तर अतिरिक्त अनामत घेतात. तरीही मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी जागेवर पडताळणे हाच खरा उपाय. प्लास्टर झाल्यावर आतल्या सळया कोण मोजणार? त्यासाठी स्लॅब भरण्यापूर्वीचे फोटो, सळयांच्या मोजमापाची नोंद आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचा 7 व 28 दिवसांचा दाब अहवाल बिलासोबत लावून घेतात. दोषदायित्व काळात (काम संपल्यावर दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत) पहिला पावसाळा येऊ द्यावा आणि गळती पाहूनच सुरक्षा अनामत सोडावी.

पाणी आणि कचरा

सेवांच्या निर्णयात हिशेब साधा असतो, पण सभेपुढे तो क्वचितच मांडला जातो. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर आणि नसलेल्या शहरात 70 लिटर असा पाणीपुरवठ्याचा केंद्रीय निकष आहे. 30 हजार वस्तीला 135 च्या हिशेबाने 40.5 लाख लिटर लागतात. गळती 15 टक्के असेल तर सुमारे 47.6 लाख लिटर उचलावे लागते, 40 टक्के असेल तर 67.5 लाख. म्हणजे नव्या टाकीचा ठराव करण्याआधी जुन्या वाहिन्यांची गळती मोजली तर टाकीची गरजही कधीकधी संपते. नळाच्या जोडापाशी दाब (पाणी किती उंच चढेल त्या मापात) 1999 च्या केंद्रीय नियमपुस्तिकेप्रमाणे एकमजली घरांसाठी 7 मीटर, दुमजलीसाठी 12 मीटर व तिमजलीसाठी 17 मीटर धरत. दाब कमी पडला की लोक थेट वाहिनीला मोटार लावतात आणि शेवटच्या गल्लीत हवाच येते.

पंपाचे बिल हा दुसरा आकडा. 50 अश्वशक्तीचा पंप रोज 16 तास चालला तर महिन्याला किमान 17,900 युनिट जळतात. पाणीपट्टी वार्षिक ठोक असेल तर हा खर्च वसुलीत कधीच बसत नाही. कराडशेजारच्या मलकापूरने याचे दुसरे टोक दाखवले : चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर. बाकी गावांत मीटरचा विषय सभेत आला की तहकूब होतो.

कचऱ्यात लहान शहराचा अंदाज माणशी रोज 200 ते 300 ग्रॅम धरतात, म्हणजे 30 हजार वस्तीला सहा ते नऊ टन. ठेका ‘टनावर’ दिला की गाडीत माती आणि बांधकामाचा राडारोडा भरतो. ‘घरांवर’ दिला तर वर्गीकरणाची अट व दंड करारात लिहावा लागतो. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने घरातूनच वेगळा केलेला कचरा घ्यायचे ठरवले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि प्लॅस्टिक डांबरी रस्त्यांत वापरले. तिथे यंत्रांपेक्षा, मिसळलेला कचरा परत करण्याच्या निर्णयावर टिकून राहणे अधिक अवघड होते.

बांधून झाल्यावर

व्यापारी संकुलाचे गाळे लिलावाने द्यायचे असतात. तीन वर्षांपुढच्या भाडेपट्ट्याला वरची मान्यता लागते. मुदत संपूनही जुन्याच भाड्यात बसलेले गाळेधारक हे बहुतेक नगरपरिषदांचे जुने दुखणे. फेरमूल्यांकनाची अट व मुदत करारातच नसेल तर प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालते. सभागृह किंवा नाट्यगृह संस्थेला चालवायला देताना वीजजोडणी कोणाच्या नावावर, दुरुस्ती कोणाकडे आणि गावातल्या शाळांना किती दिवस सवलतीत, हे करारात लिहितात. अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आणि दरवर्षीची तपासणी राहिली तर नवे नाट्यगृह कुलूपबंद राहते.

गोव्यात हाच कारभार 1968 च्या गोवा नगरपालिका कायद्याने चालतो आणि तिथे नगराध्यक्ष नगरसेवकच निवडतात. निपाणीसारख्या सीमाभागातल्या मराठी शहराला 1964 चा कर्नाटक नगरपालिका कायदा लागू आहे, त्यामुळे महाराष्ट्रातले कलम क्रमांक व मंजुरीच्या मर्यादा तिथल्या अर्जात उद्‌धृत करून उपयोग नसतो.