मागणी प्रतिसाद योजनांचे मूल्यमापन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

विजेची मागणी शिखरावर असताना वितरण कंपनीच्या सूचनेवरून ग्राहक आपला भार कमी करतो किंवा दुसऱ्या वेळेवर नेतो, यास मागणी प्रतिसाद म्हणतात. प्रत्यक्षात किती भार घटला, हे ठरवण्याचे काम करू इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील अभियंत्यांसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा हा सर्वांत भक्कम पाया आहे. पहिल्या तीन प्रश्नपत्रिकांवर ऊर्जा व्यवस्थापक होता येते. ऊर्जा लेखापरीक्षकासाठी चौथीही उत्तीर्ण व्हावी लागते.

अभियांत्रिकी पदवीधरास 3 वर्षांचा, तर पदविकाधारकास 6 वर्षांचा ऊर्जावापराशी संबंधित अनुभव लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असून शुल्क व मुदत त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहावी. पदवी किंवा पदविकेचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ओळखपत्र व छायाचित्र यांची जमवाजमव सोपी असते. अनुभवाच्या दाखल्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये अनेक वर्षे भट्टी आणि सबस्टेशन सांभाळलेल्या माणसाच्या दाखल्यात केवळ ‘मेंटेनन्स विभागात कार्यरत’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचे खरे काम कागदावर येतच नाही. म्हणून कमाल मागणीचे नियंत्रण, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण), मीटरच्या नोंदींचे विश्लेषण अशी कामे कालावधीसह नमूद करून घ्यावीत.

प्रमाणपत्रानंतरची खरी कसोटी बेसलाइनची, म्हणजे सूचना आली नसती तर वापर किती राहिला असता या अंदाजाची असते. समजा, मागील 10 दिवसांपैकी 8 दिवस त्या वेळेचा भार 4,000 किलोवॅट होता आणि लायनिंगसाठी, म्हणजे आतले अस्तर बदलण्यासाठी, भट्टी बंद असल्याने 2 दिवस तो 500 वर आला. सरसकट सरासरी 3,300 येते. सूचनेच्या दिवशी भार 2,900 राहिला, तर या हिशेबाने घट 400 दिसते. सर्वाधिक वापराचे 5 दिवस धरल्यास ती 1,100 ठरते. मोबदला याच आकड्यावर ठरत असल्याने बंदचे दिवस का वगळले, हे लेखी मांडता आले पाहिजे. उलट, सूचनेची चाहूल लागताच कोणी भार मुद्दाम वाढवला असेल, तर तेही ओळखता यायला हवे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाच्या योजनांची किफायतशीरता तपासण्यासाठी 2010 मध्येच विनियम केले होते. अभ्यासाची सुरुवात आयोगाच्या या विषयावरील सध्या लागू असलेल्या विनियमांपासून करावी. सरावासाठी आपल्याच कारखान्याचा मागील तीन महिन्यांचा लोड सर्व्हे, म्हणजे मीटरमध्ये ठरावीक अंतराने साठलेल्या भाराच्या नोंदी, मिळवून 15 मिनिटांच्या नोंदींवर बेसलाइन स्वतः काढून पाहावी.