गिरगावचा रस्ता, पागडी आणि भाडेपावती

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि गिरगावात जमिनीखाली स्टेशन आलं. तेव्हापासून जुन्या गिरगावकरांच्या गप्पांना पुन्हा भर आलाय. डोंबिवली-बोरिवलीला राहायला गेलेली मंडळी मुद्दाम उतरून ठाकूरद्वार नाक्यावर उभी राहतात आणि कुठलं दुकान कुठे होतं याची उजळणी करतात. आजोबांच्या वेळचं दुकान गेलं, खानावळ गेली, पुस्तकांचं दुकान गेलं, ही हळहळ खरी आहे आणि मलाही आहे. पण तीन-तीन पिढ्या तीच दुकानं त्याच जागी टिकली कशी, हे या गप्पांत सहसा येत नाही. आपण ज्या रस्त्याच्या आठवणी काढतो तो रस्ता भाड्याच्या एका कायद्याने आणि 'पागडी' नावाच्या एका व्यवहाराने जागच्या जागी धरून ठेवला होता. ती गोष्ट सांगितल्याशिवाय आठवणी अर्ध्याच राहतात.

फार मागे जायची गरज नाही. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावंच सांगतात की इथे आधी झाडं होती, मग घरं आली. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची मोडतोड आणि आखणी झाली, चाळी वाढल्या, कोकणातून आणि देशावरून नोकरीला आलेला माणूस इथे खोली घेऊन राहिला. भारतीय बनावटीचा पहिला कथापट १९१३ साली इथल्याच कॉरोनेशन थिएटरात लागला, पहिला बोलपट १९३१ साली मॅजेस्टिकला. केशवजी नाईकांच्या चाळीतला गणेशोत्सव १८९३ चा. हे सगळ्यांना पाठ आहे. (गिरगाव आणि गिरणगाव यांची गल्लत मात्र अजूनही होते. गिरण्या परळ-लालबागला, आमच्याकडे कारकून, मास्तर, छापखानेवाले आणि दुकानदार.)

मला माहीत असलेला रस्ता १९७० नंतरचा. तोवर ट्राम मुंबईतून गेलेली होती आणि गिरगाव रोडचं नाव जगन्नाथ शंकरशेट मार्ग झालं होतं, पण पत्ता सांगताना ते नाव कुणी घेत नसे. चिराबाजारापासून प्रार्थना समाजापर्यंत चालत गेलं की एका संसाराला लागणारं सगळं मिळायचं: मासळी, भांडी, साड्या, सोनं, लोणची, पंचांग, चष्मा, शाळेचे बूट. माझ्या काकांचं वह्या-शाईचं दुकान याच पट्ट्यात होतं. रुंदी नऊ फूट, खोलीही तेवढीच, म्हणजे एक्क्याऐंशी चौरस फूट. सकाळी साडेआठला काका फळ्या काढायचे. तेव्हा बऱ्याच दुकानांना शटर नव्हतं. लाकडी फळ्या खाचेत एकामागून एक सरकवलेल्या असायच्या आणि प्रत्येकीवर आतल्या बाजूने रंगाने आकडा घातलेला असायचा, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे. आमच्या फळ्या अकरा. सातव्या नंबरची पावसाळ्यात फुगायची, म्हणून तिच्या कडेला मेण घासायचं काम माझ्याकडे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आठवडाभर दुकानात पाय ठेवायला जागा नसे, आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस वह्या मागे जाऊन पुढे मखराचे कागद यायचे.

काकांच्या गल्ल्यात, पैशांच्याही खाली, भाडेपावत्यांचा गठ्ठा असे. काकू मंगळसूत्र जपायची तसे काका तो गठ्ठा जपायचे. का जपायचे, ते समजायला पहिल्या महायुद्धापर्यंत जावं लागतं.

युद्धकाळात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि १९१८ साली भाडेवाढ रोखणारा पहिला कायदा आला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात तसेच आणखी कायदे आले आणि १९४७ साली ते सगळं एकत्र करून मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्यात 'प्रमाणित भाडे' ठरवलं गेलं: १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडं होतं, तेच. त्यानंतर बांधलेल्या जागेला पहिल्यांदा जे भाडं लागलं, ते. हाही कायदा ठरावीक मुदतीचाच होता, पण दर वेळी मुदतवाढ मिळत गेली आणि असा तो पन्नास वर्षांवर चालला. घर असो वा दुकान, भाडं देत राहणाऱ्याला मालक सहजासहजी बाहेर काढू शकत नव्हता. फाळणीनंतरच्या आणि महागाईच्या त्या वर्षांत या कायद्याने हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं. आज त्या कायद्याला नावं ठेवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. चाळीतल्या विधवेला, एका पगारावर सहा माणसं पोसणाऱ्या कारकुनाला या शहरात राहता आलं ते त्याच्यामुळे.

पण भाडं गोठलं आणि जागेची किंमत वाढत राहिली. या दोन्हींमधला फरक कुठेतरी निघणारच होता. तो पागडीतून निघाला.

पागडी हा शब्द बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड जातं, आणि आठवणी सांगणारे लोकही तो तीन-चार अर्थांनी वापरतात. डोक्यावरची पागडी मानाची, म्हणून मालकाला द्यायची मानाची रक्कम ती पागडी, असा त्याचा उगम सांगतात. प्रत्यक्षात ती जागेच्या किमतीच्या जवळपास जाणारी एकरकमी रक्कम असायची. ती दिली की पावतीवर तुमचं नाव चढायचं, आणि मग दर महिन्याला नावापुरतं भाडं. तुम्हाला जागा सोडायची असेल तर नवा माणूस तुम्हीच आणायचा. तो जी रक्कम देईल त्यातला एक वाटा, बहुतेक ठिकाणी तिसरा हिस्सा, मालकाचा, आणि मालक पावती नव्या नावावर करून द्यायचा. यालाही पागडी म्हणायचे. आणि 'आमची जागा पागडीची आहे' असं म्हणताना तोच शब्द मालकी आणि भाडं यांच्या मधल्या एका तिसऱ्याच हक्कासाठी येतो. डिपॉझिट परत मिळतं, पागडी परत मिळत नाही. 'ओनरशिप'ची जागा तुमच्या नावावर असते. पागडीच्या जागेत जमीन, भिंती, जिना सगळं मालकाचं, तुमच्याकडे असतो तो राहण्याचा हक्क आणि तो विकण्याची अलिखित मुभा. माझे काका स्वतःला कधी भाडेकरू म्हणत नसत आणि मालक तर नव्हतेच. ते म्हणायचे, "जागा आपली आहे, पावती त्यांची आहे."

यातली खरी अडचण अशी की १९४७ च्या कायद्याखाली ठरल्या भाड्यापलीकडे अशी रक्कम घेणं हा गुन्हा होता. म्हणजे ज्या व्यवहारावर गिरगाव, काळबादेवी, दादर इथल्या बाजारपेठा चालत होत्या, तो पन्नास वर्षं रोखीत, कागदावर न येता, दोघा-तिघांच्या शब्दावर होत होता. वडिलांनी कोकणातली जमीन विकून आलेले पैसे काकांनी एका संध्याकाळी पिशवीतून मालकाला नेऊन दिले होते, त्याचा पुरावा म्हणून हाती फक्त एक भाडेपावती. त्या पावतीवरच्या आकड्याचा आणि पिशवीतल्या रकमेचा काही संबंध नव्हता. पण ती पावती असेल तर दुकान आहे. म्हणून तो गठ्ठा.

मालकाने पावती देणंच बंद केलं तर काय, हा त्या काळातला मोठा घोर. आमच्या मालकांनी एकदा दोन वर्षं भाडं घेतलं नाही. भाडं थकलं असं दाखवून जागा रिकामी करून घेता येते, हा त्यामागचा हिशोब. काका दर महिन्याच्या पाच तारखेला मनीऑर्डर करायचे. पोस्टमन ती 'नाकारली' असा शेरा घेऊन परत आणायचा. काका परत आलेले पैसे गल्ल्यात टाकायचे आणि शेऱ्याचा कागद गठ्ठ्यात लावायचे. चोवीस कागद. वकिलांनी ते बघून सांगितलं की आता काळजी नको, आणि खरंच त्यानंतर पावत्या सुरू झाल्या. असे गठ्ठे त्या रस्त्यावरच्या अनेक दुकानांत होते.

याचा दुसरा परिणाम इमारतींवर झाला. गोठलेल्या भाड्यात डागडुजी परवडत नाही म्हणून मालकांनी हात वर केले आणि पावसाळ्यात चाळी कोसळायला लागल्या. १९६९ साली सरकारने दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ आणि त्याच्या खर्चासाठी उपकर, म्हणजे जादा कर, आणला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात गेल्या. गिरगावातल्या बहुतेक त्याच. आमच्या लहानपणी दुकानांच्या पुढच्या पडवीत लाकडी टेकू असायचे, दुरुस्तीचे म्हणून लावलेले, आणि ते दहा-दहा वर्षं तिथेच राहायचे. काकांच्या शेजारच्या घड्याळजीने टेकूलाच खिळे मारून घड्याळं टांगली होती. १९७३ साली आणखी एक बदल झाला: १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह-लायसन्सवर, म्हणजे भाडेकरार न करता नुसत्या वापराच्या परवानगीवर, असणाऱ्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्यानंतर नवीन माणसाला जागा देण्याची मालकांना धास्ती बसली आणि बंद खोल्यांची संख्या वाढली. ज्याच्याकडे पावती होती तो टिकला. नव्याला पागडीशिवाय दार नव्हतं. रस्ता जसाच्या तसा राहिला याचं हेही एक कारण आहे, आणि आपल्या आठवणींत जे बाहेर राहिले ते येत नाहीत.

पुढचं वेगाने झालं. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या कलम ३३(७) ने उपकरप्राप्त (हा उपकर लागू असलेल्या) इमारती पाडून वाढीव चटईक्षेत्रासह (बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्रासह) नव्या बांधायची वाट मोकळी केली. त्यासाठी आधी सत्तर टक्के रहिवाशांची संमती लागायची, अलीकडे एक्कावन्न टक्के पुरते. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४० च्या भाड्याला चिकटून राहणं आता वाजवी राहिलेलं नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली, आणि कलम ५६ ने पागडी घेणं-देणं कायदेशीर ठरवलं. पन्नास वर्षं जो गुन्हा होता तो एका रात्रीत व्यवहार झाला. त्याच कायद्याने बँका आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं. गिरगाव रोडवरच्या मोक्याच्या जागांवरून काही शाखा हलल्या त्या त्यानंतर.

पुनर्विकासात राहत्या खोलीला किमान क्षेत्राची हमी आहे. एकशे साठ चौरस फुटांत वाढलेल्या माणसाला तीनशे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत, हे मी ठामपणे म्हणेन. दुकानाला मात्र होतं तेवढंच. नवी इमारत रस्त्यापासून मागे सरकते, खाली वाहनतळ येतो, फुटपाथवरून सरळ आत शिरायचं दुकान दोन पायऱ्या चढून किंवा बाजूच्या गल्लीत जातं. बांधकामाची चार-सहा वर्षं धंदा कुठे करायचा हा प्रश्न वेगळाच. वह्या विकणारा तेवढा वेळ गिऱ्हाईक धरून ठेवू शकत नाही.

मेट्रोचा वाद याच पार्श्वभूमीवर बघायला हवा. २०१५ च्या सुमारास गिरगाव आणि काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती स्टेशनांसाठी पाडायच्या ठरल्या तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. मेट्रोला विरोध असणारे त्यात होते, पण बहुतेकांची मागणी एकच होती: पुनर्वसन इथेच, गिरगावातच. ती मागणी मान्य झाली, हे त्या लोकांच्या चिकाटीचं यश आहे, आणि त्याची नोंद आठवणींच्या लेखांत व्हायला हवी तितकी होत नाही. नकाशावर इमारत म्हणून दिसणाऱ्या जागेत पावतीधारक, पोटभाडेकरू, जिन्याखालचा चांभार, दारातला फुलवाला असे सगळे होते. पात्र-अपात्रच्या यादीत ते वेगवेगळ्या रकान्यांत गेले. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांना हक्क सांगणं कठीण होतं. अशाच एका दारातली गजरेवाली चाळीस वर्षं तिथे बसत होती.

काकांचं दुकान मेट्रोत गेलं नाही. ते त्याआधीच गेलं. काका २००५ साली वारले. दुकानाच्या भाडेहक्कात कायदा आधी कुटुंबातल्या अशा माणसाला बघतो जो तिथे प्रत्यक्ष बसत होता. माझा चुलतभाऊ बँकेत नोकरीला, दुकानात बसलेला नव्हता. मालकांनी तोच मुद्दा काढला. कोर्टात जायची तयारी काकूची नव्हती. शेवटी नेहमीच्या पद्धतीने माणूस बघितला, मालकांचा हिस्सा दिला आणि पावती बदलली. या वेळी सगळं कागदावर, चेकने. फळ्या काढून शटर बसलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. इमारतीच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर ते दुकान चालवणाऱ्या मुलाने सही केली आहे आणि नव्या इमारतीत एक्क्याऐंशी चौरस फूट त्याचे आहेत. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा त्याने गल्ला उघडून सुटे पैसे दिले. पैशांच्या खाली पावत्यांचा गठ्ठा होता, रबर लावलेला.